धान्यापासून घरगुती बिअर : अल्प साधनांचा शास्त्रीय विचार

घरी बिअर तयार करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. तथापि प्रत्यक्ष धान्यापासून प्रारंभ करून ती सिद्ध करणे हे खर्चाचे व मोठ्या सामग्रीचे काम आहे, असा समज तेथील नवोदितांत आजही आढळतो. ह्या समजामुळे पुष्कळ जण तयार माल्ट-अर्काच्या डब्यावरच थांबतात. उलट काही जण कारखान्याची लहान प्रतिकृतीच उभारू पाहतात व अर्ध्या वाटेवर खर्चाने थकतात. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासून पाहण्याचा आहे. बिअरच्या कारखान्यातील सामग्रीचा कोणता भाग रसायनशास्त्राच्या गरजेतून आला व कोणता केवळ मोठ्या आकारमानातून आला, हे वेगळे करता आले, तर दहा लिटरच्या घरगुती प्रयोगास नेमके काय लागते ह्याचे उत्तर आपोआप मिळते. ते उत्तर थोडक्यात असे की, यंत्रे फार लागत नाहीत. मापने मात्र विश्वसनीय लागतात.

प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट करणे इष्ट आहे. येथे वर्णिलेली रीत ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्या देशांतील आहे. ब्रिटनमध्ये १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून त्याऐवजी बिअरवर कर बसविला, तेव्हापासून घरगुती बिअरसाठी परवाना घ्यावा लागे. ही अट १९६३ च्या अंदाजपत्रकात रेजिनल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने स्वतःच्या उपयोगापुरत्या बिअरवरील संघीय कर माफ झाला. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही. तेव्हा किण्वनाविषयीचे पुढील विवेचन इकडील वाचकाने ज्ञानापुरतेच घ्यावयाचे आहे. धान्यातील पिष्टाच्या विघटनाचा भाग मात्र आपल्या प्रयोगशाळेत, किंबहुना स्वयंपाकघरातही, पडताळून पाहता येण्याजोगा आहे. त्याचा उल्लेख शेवटी येईल.

१. धान्यात काय असते

सातूचा दाणा भिजवून त्यास मोड आणले व योग्य वेळी उष्ण हवेने वाळवून अंकुराची वाढ थांबविली, म्हणजे माल्ट तयार होतो. मोड येताना दाण्याच्या पेशीभित्ती सैल होतात व पिष्टाचे विघटन करणारी एंझाइमे कार्यक्षम स्थितीत येतात. वाळविण्याच्या क्रियेत तापमान सांभाळले असल्यास ही एंझाइमे शाबूत राहतात. म्हणजे माल्टच्या दाण्यात पिष्ट व त्याची साखर करणारी साधने ही दोन्ही शेजारी शेजारी असतात. ती एकत्र येण्यास हवे असते ते केवळ कोमट नव्हे, चांगले गरम पाणी.

ह्या गोष्टीचा शोध १८३३ साली पायेन व पेर्सो ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी लावला. मोड आलेल्या सातूच्या अर्कातून त्यांनी अल्कोहॉलच्या साहाय्याने एक पदार्थ वेगळा केला व त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. पुढे एंझाइमांच्या नावांना जो ‘एज’ हा प्रत्यय रूढ झाला, त्याचे मूळ ह्या नावात आहे. डायास्टेज हा एकच पदार्थ नसून तीत मुख्यत्वे दोन एंझाइमांचे कार्य मिसळलेले असते, हे नंतर कळून आले. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी होय. तिचा मोठा भाग शाखायुक्त असतो. अल्फा-अमायलेज ही साखळी मध्येच कोठेही तोडते, त्यामुळे एका लांब साखळीचे अनेक आखूड तुकडे होतात. बीटा-अमायलेज साखळीच्या एका टोकापासून प्रारंभ करून दोन-दोन एककांचे तुकडे, म्हणजेच माल्टोज, क्रमाने वेगळे करते. शाखा जेथे फुटते तेथे दोहोंचेही काम अडते. तेथे उरणाऱ्या तुकड्यांना डेक्स्ट्रिने म्हणतात.

बिअरच्या यीस्टला ग्लुकोज, माल्टोज व तीन एककांचे माल्टोट्रायोज पचविता येते. मोठी डेक्स्ट्रिने येत नाहीत. ती बिअरमध्ये तशीच राहतात व तिला घट्टपणा देतात. तेव्हा बिअर हलकी व कोरडी व्हावयाची की भरदार व्हावयाची, हे बरेचसे यीस्ट घालण्यापूर्वीच, ह्या दोन एंझाइमांच्या वाटणीवर ठरून गेलेले असते. माल्ट-अर्काचा डबा विकत घेणाऱ्याच्या बाबतीत ही वाटणी दुसऱ्याच कोणीतरी पूर्वीच केलेली असते. धान्यापासून प्रारंभ करण्याचे खरे महत्त्व येथे आहे. ते केवळ हौसेचे नाही.

२. तापमान हेच मुख्य साधन

भरडलेला माल्ट गरम पाण्यात मिसळून तासभर ठेवण्याच्या क्रियेस ‘मॅश’ म्हणतात. हिचे तापमान ठरविताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली, सातूचे पिष्ट सुमारे ६०° ते ६५° से. ह्या मर्यादेत फुगून मोकळे होते. त्यापूर्वी एंझाइमांना ते नीटसे गाठता येत नाही. दुसरी, बीटा-अमायलेज ६०° ते ६५° च्या दरम्यान उत्तम कार्य करते, परंतु ते उष्णतेने लवकर नष्ट होते. ७०° वर काही मिनिटांतच त्याचा जोर बराच ओसरतो. तिसरी, अल्फा-अमायलेज अधिक कणखर असून ७०° च्या आसपास ते जोमाने काम करते.

ह्यावरून निष्कर्ष सरळ निघतो. मॅश ६३° च्या आसपास ठेवल्यास माल्टोज अधिक मिळून बिअर कोरडी होते. ६९° च्या आसपास ठेवल्यास डेक्स्ट्रिने अधिक उरून ती भरदार होते. ६६° हा मध्यम मार्ग होय. सहा अंशांच्या ह्या पट्ट्यात बिअरचे सारे स्वरूप बदलते. म्हणून ज्या तापमापकात तीन अंशांची चूक आहे, तो वापरणाऱ्याने कितीही मोलाचे भांडे घेतले, तरी त्याला आपण काय करीत आहो हे कळणार नाही. तापमापक वितळत्या बर्फात ०° दाखवितो की नाही, व उकळत्या पाण्यात त्या स्थळाच्या उंचीस योग्य तो अंक दाखवितो की नाही, हे तपासण्यास काही खर्च येत नाही. दोन्ही टोके बरोबर असल्यास मधल्या अंकांवर बऱ्याच अंशी विसंबता येते. शक्य झाल्यास ६५° च्या आसपास तो एखाद्या खात्रीच्या तापमापकाशी ताडून पाहावा.

मॅश संपली की नाही हे पाहण्यासाठी आयोडिनची कसोटी वापरतात. मॅशमधील द्रवाचे काही थेंब पांढऱ्या बशीत घेऊन, निवू देऊन त्यांवर आयोडिनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आल्यास पिष्ट शिल्लक आहे. मोठी डेक्स्ट्रिने असल्यास तांबूस छटा येते. नमुन्यात सालपटाचा तुकडा येऊ देऊ नये, कारण तोही काळा पडतो व निष्कारण संशय उत्पन्न करतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. ही कसोटी लांब साखळ्या संपल्याचे सांगते. माल्टोज किती झाले हे ती सांगत नाही. आजच्या माल्टमध्ये निळा रंग पंधरा-वीस मिनिटांतच नाहीसा होऊ शकतो, तरीही मॅश तासभर ठेवतात, ती बीटा-अमायलेजला आपले काम पुरे करता यावे म्हणून.

३. कारखान्याची सामग्री व दहा लिटरचा हिशेब

कारखान्यात मॅशच्या भांड्यास छिद्रांचा दुहेरी तळ असतो. धान्याची सालपटे त्यावर थर करून बसतात व तोच थर गाळणीचे काम करतो. द्रव खालून काढीत असताना वरून गरम पाणी शिंपडून उरलीसुरली साखर धुऊन घेतात. त्यासाठी पाणी तापविण्याचे दुसरे भांडे, उकळण्याचे तिसरे भांडे, पंप व नळ्या लागतात. ही सारी व्यवस्था कशासाठी आहे? माल्टमधील साखरेचा शेवटचा अंश मिळविण्यासाठी. जेथे रोज टनांनी माल्ट लागतो, तेथे शेकडा एक अंश वाचला तरी तो मोठा लाभ होय.

दहा लिटरच्या प्रमाणावर हाच हिशेब करून पाहू. उकळून निवविलेल्या गोड द्रवास ‘वर्ट’ म्हणतात. त्याचे विशिष्ट गुरुत्व १·०४५ हवे आहे असे समजू. पाण्याचे १·००० वजा करून उरलेल्या अंकास हजाराने गुणल्यास ४५ ‘बिंदू’ येतात; दहा लिटरसाठी एकूण १० × ४५ = ४५० लिटर-बिंदू हवेत. उत्तम फिकट माल्टच्या एका किलोग्रॅममधून अधिकात अधिक सुमारे ३०० लिटर-बिंदू मिळू शकतात. त्यांपैकी शेकडा ७० किण्वनाच्या भांड्यापर्यंत पोहोचले, तर किलोग्रॅममागे २१० मिळतील; म्हणजे ४५० ÷ २१० = सुमारे २·१५ किलोग्रॅम माल्ट पुरे. समजा, साध्या साधनांमुळे शेकडा ६० च मिळाले; तर ४५० ÷ १८० = २·५ किलोग्रॅम लागेल. म्हणजे कार्यक्षमतेतील दहा टक्क्यांची उणीव सुमारे साडेतीनशे ग्रॅम अधिक माल्टने भरून निघते. तेवढ्यासाठी तीन भांडी, पंप व दुहेरी तळ विकत घेण्याचे प्रयोजन राहत नाही.

हा विचार ऑस्ट्रेलियातील घरगुती बिअरकर्त्यांनी २००० नंतरच्या दशकात विशेष आग्रहाने मांडला व त्यातून ‘पिशवीतील मॅश’ ही रीत जगभर पसरली. एकाच मोठ्या पातेल्यात सारे पाणी घ्यावयाचे, त्यात जाळीदार पॉलिएस्टर कापडाची पिशवी सोडावयाची, तीत भरडलेला माल्ट घालावयाचा व तासानंतर पिशवी उचलून निथळू द्यावयाची. मग त्याच पातेल्यात वर्ट उकळावयाचे. गाळणीचे काम सालपटांऐवजी कापडच करीत असल्यामुळे माल्ट थोडा अधिक बारीक भरडला तरी चालतो, व धान्य धुऊन न घेतल्याने झालेले नुकसान त्यामुळे काही अंशी भरून येते.

पाण्याचा हिशेब असा : शेवटी हवे १० लिटर, उकळल्यानंतर तळाशी गाळासह राहणारे १ लिटर, तासभर उकळताना वाफ होऊन जाणारे सुमारे २·५ लिटर, पिळलेल्या धान्यात अडकणारे, किलोग्रॅममागे ०·८ लिटर ह्या मानाने, १·७ लिटर. एकूण १५·२ लिटर. माल्ट पाण्यात सुमारे दीड लिटर जागा व्यापतो, म्हणून पातेल्यात १६·७ लिटर मावले पाहिजेत. १९ ते २० लिटरचे पातेले ह्यास पुरते. वाफेचा अंक मात्र प्रत्येक चुलीगणिक व पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीप्रमाणे बदलतो. तो एकदा साधे पाणी तासभर उकळून स्वतःच मोजून घ्यावा.

माल्ट घालण्यापूर्वी पाणी किती तापवावे, हे उष्णतेच्या समतोलावरून काढता येते. माल्टची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०·४ पट आहे. माल्ट २०° वर असून मॅश ६६° वर हवी असल्यास, पाण्याने ६६ च्या वर द्यावयाचे अंश = ०·४ × (६६ − २०) ÷ (किलोग्रॅममागे पाण्याचे लिटर). आपल्या उदाहरणात हे प्रमाण १५·२ ÷ २·१५, म्हणजे सुमारे ७ आहे. म्हणून २·६ अंश अधिक, म्हणजे ६८·६° चे पाणी पुरे. जुन्या पद्धतीच्या घट्ट मॅशमध्ये किलोग्रॅममागे २·५ लिटरच पाणी असते. तेथे पाणी ७३·४° पर्यंत तापवावे लागते. पातळ मॅशमध्ये सुधारणा अल्प असल्यामुळे चुकीलाही वाव अल्प राहतो, हा नवोदितास मोठाच लाभ आहे.

लहान आकारमानाचा एक तोटा मात्र मान्य केला पाहिजे. भांडे जितके लहान, तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ अधिक व म्हणून उष्णताही लवकर जाते. ह्यावर उपाय म्हणजे चूल विझवून, झाकण घालून, पातेले जाड कांबळ्यात गुंडाळणे. असे केल्यास तासाभरात एक-दोन अंशांहून फारशी घट सहसा होत नाही. मध्येच चूल पेटवावयाची झाल्यास पिशवी तळाला चिकटून जळू नये म्हणून खाली धातूची चकती ठेवावी, व आच देत असताना सतत ढवळावे.

४. पाणी, उकळणे व निवविणे

मॅशचे पीएच मूल्य ५·२ ते ५·६ ह्या मर्यादेत असले, म्हणजे एंझाइमांचे कार्य चांगले होते. पीएच ही कल्पनाच १९०९ साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ह्या बिअर-कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडली, हे येथे आठवण्याजोगे आहे. पाण्यातील कॅल्शियम माल्टमधील फॉस्फेटांशी संयोग पावून पीएच उतरविते. बायकार्बोनेट ते चढविते. पिशवीच्या रीतीत धान्याच्या मानाने पाणी पुष्कळ असल्यामुळे बायकार्बोनेटचा परिणाम अधिक जाणवतो. लंडनसारख्या ठिकाणी, जेथे पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येते, तेथे फिकट माल्टची मॅश ह्याच कारणाने बिघडते. भाजलेला काळा माल्ट स्वतः आम्लधर्मी असल्यामुळे असे पाणी त्यास चालते. डब्लिनच्या काळ्या स्टाउटचा तेथील पाण्याशी असलेला मेळ ह्यावरून उमगतो. फिकट बिअरसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी आदल्या दिवशी उकळून निवू द्यावे, खाली बसलेला चुना मागे ठेवून वरचे पाणी घ्यावे व त्यात थोडे जिप्सम घालावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविणेही अगत्याचे आहे. ते माल्टमधील फिनॉलवर्गीय द्रव्यांशी संयोग पावले, तर बिअरला औषधासारखा दर्प येतो व तो पुढे कशानेही जात नाही. मेटाबायसल्फाइटच्या नेहमीच्या गोळीचा चतुर्थांश भाग पंधरा लिटर पाण्यास पुरतो.

पिशवी काढल्यानंतर वर्ट तासभर जोमाने उकळतात. त्यायोगे एंझाइमे नष्ट होऊन साखरांचे प्रमाण कायम होते, जंतू मरतात, काही प्रथिने साकळून खाली बसतात व हॉपच्या फुलांतील अल्फा-आम्लांचे रूपांतर कडू अशा समघटक आम्लांत होते. ५ टक्के अल्फा-आम्ल असलेले २४ ग्रॅम हॉप घेतले व तासाभरात त्यांपैकी शेकडा २५ उतरले असे धरले, तर ३०० मिलिग्रॅम कडू द्रव्य ११ लिटरमध्ये येते. म्हणजे लिटरमागे सुमारे २७ मिलिग्रॅम. इंग्लिश पद्धतीच्या फिकट बिअरला हा कडवटपणा योग्य आहे.

उकळणे थांबल्या क्षणापासून स्वच्छतेचा अर्थ बदलतो. तोपर्यंत भांडी घासलेली असली म्हणजे पुरे. त्यानंतर वर्टला जे जे लागेल ते जंतुविरहितच असले पाहिजे. निवविण्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे असल्यास उत्तम, परंतु अकरा लिटरसाठी झाकलेले पातेले थंड पाण्याच्या टाकीत ठेवून पाणी दोन-तीनदा बदलले तरी काम होते. हाही लहान आकारमानाचाच लाभ होय.

५. किण्वन, आणि जेथे हयगय चालत नाही

वर्ट २०° पर्यंत निवल्यावर ते किण्वनाच्या भांड्यात ओतून, हवा मिसळावी म्हणून चांगले घुसळतात व त्यात यीस्ट घालतात. शुद्ध यीस्टची वाढ एका पेशीपासून करण्याची रीत एमिल हान्सेन यांनी १८८३ साली त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत यशस्वी केली. आज ११ ग्रॅमच्या पुडीत मिळणारे कोरडे यीस्ट हे त्या कार्याचे फळ असून, दहा लिटरला एक पुडी विपुल होते. झाकणास पाण्याची हवाबंद नळी बसविलेली अन्नयोग्य प्लॅस्टिकची बादली हे भांडे म्हणून पुरते. खोली १८° ते २०° वर स्थिर असावी. किण्वनात उष्णता उत्पन्न होत असल्याने द्रवाचे तापमान खोलीहून थोडे अधिकच असते.

किण्वन संपल्याचा निर्णय बुडबुड्यांवरून घ्यावयाचा नसतो. तो हायड्रोमीटरनेच घ्यावयाचा असतो. आपल्या उदाहरणात १·०४५ वरून गुरुत्व १·०११ पर्यंत उतरले, तर ३४ बिंदू खर्ची पडले. त्यास ०·१३१ ने गुणले असता अल्कोहॉलचे आकारमानी प्रमाण शेकडा सुमारे ४·५ येते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने तंतोतंत सारखी आली व ती अपेक्षित अंकाजवळ असली, म्हणजेच बाटल्या भराव्या.

ह्या नियमामागे रुचीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम साखर घालतात. चार ग्रॅम साखरेपासून लिटरमागे जवळजवळ एक आकारमान कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. २०° वर बिअरमध्ये आधीच सुमारे ०·८५ आकारमान विरघळलेला असतो. एकूण सुमारे २·१ आकारमाने झाली, व ती इंग्लिश बिअरला योग्य आहेत. परंतु किण्वन अपुरे असताना बाटल्या भरल्या, तर न पचलेल्या प्रत्येक बिंदूमागे आणखी सुमारे अर्धे आकारमान वायू निघतो. चार बिंदू शिल्लक असल्यास दोन आकारमानांची भर पडून एकूण चारच्या वर जाते. एवढा दाब साधी बाटली सहन करीलच असे नाही; काच फुटून इजा होते. हायड्रोमीटर हे अल्पमोल साधन नसल्याची किंमत अशी मोजावी लागते.

६. पैसा कोठे घालावा

वरील विवेचनावरून खरेदीचा क्रम ठरतो. प्रथम तापमापक व हायड्रोमीटर. हे दोन्ही तपासून घेतलेले असावेत. हायड्रोमीटर २०° च्या शुद्ध पाण्यात १·००० दाखवितो की नाही हे पाहावे, व गरम वर्टमध्ये त्याचे वाचन घेऊ नये. नंतर ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा लहान काटा, कारण हॉप व साखर ह्यांत अंदाज चालत नाही. त्यानंतर पातेले, पिशवी, झाकणाची बादली, नळी व जंतुनाशक. पातेले पुष्कळांच्या घरी असतेच. माल्ट भरडून मिळत असल्यास चक्की पुढे कधीतरी घ्यावी. पंप, दुहेरी तळ व नळांची भांडी ह्यांची गरज आकारमान वाढले तरच पडते.

पहिल्या प्रयोगात अपेक्षित गुरुत्व न आल्यास नवी सामग्री घेण्याचा मोह होतो. त्याआधी हिशेब करावा. समजा, १० लिटर वर्टचे गुरुत्व १·०३८ आले. मिळाले ३८० लिटर-बिंदू; माल्टमध्ये होते २·१५ × ३०० = ६४५. कार्यक्षमता शेकडा ५९. कारण शोधताना प्रथम भरड पाहावी, कारण अख्खा राहिलेला दाणा पाण्याला दाद देत नाही. मग पीएच, मग तापमान व वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने १९०८ साली अल्पसंख्य निरीक्षणांविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला, तो अशाच अडचणीतून : नमुने थोडे, फरक पुष्कळ, आणि निर्णय तर घ्यावयाचा. घरी वर्षातून दहाबारा प्रयोग करणाऱ्याची अडचण तीच असते. म्हणून प्रत्येक प्रयोगाची वजने, तापमाने व गुरुत्वे टिपणारी वही हीदेखील सामग्रीतच धरली पाहिजे.

७. आपल्या धान्यांकडे एक दृष्टिक्षेप

मोड आलेल्या धान्यातील अमायलेजचे कार्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर वाळवून तिचे पीठ लहान मुलांच्या पेजेसाठी करण्याची रीत घरोघरी आहे. न मोडावलेल्या नाचणीची घट्ट पेज शिजवून ती ६५° च्या आसपास उतरल्यावर तीत मोडावलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ मिसळावे. थोड्याच वेळात ती पातळ होते. पाणी न वाढविता पेज पातळ होते, म्हणून मुलाच्या पोटात तेवढ्याच घोटांत अधिक अन्न जाते. आहारशास्त्राच्या दृष्टीने ह्या क्रियेचे महत्त्व मोठे आहे. येथे काम करते ते अल्फा-अमायलेज. लांब साखळ्या तुटल्या की घट्टपणा जातो.

ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज सातूच्या मानाने बरेच कमी असते, व तिचे पिष्ट मोकळे होण्यास तापमानही अधिक लागते. म्हणजे ज्या तापमानास पिष्ट मोकळे होते, त्या तापमानास माल्टोज देणारे एंझाइम टिकत नाही. सातूत हे दोन पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून एकाच तापमानाची साधी मॅश तेथे शक्य होते. अल्प साधनांत हे काम साधते त्याचे श्रेय अखेर सातूच्या दाण्याकडे जाते. नाचणी, ज्वारी व बाजरी ह्यांच्या मोडावलेल्या पिठांचे वेगवेगळ्या तापमानांस होणारे पिष्टविघटन एक पातेले, एक खात्रीचा तापमापक, आयोडिन व घड्याळ एवढ्या साहित्यावर मोजता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हा प्रयोग किण्वनाच्या अलीकडेच थांबवून पूर्ण करता येईल, आणि त्यातून मिळणारे अंक आपल्याच धान्यांविषयी असतील.